टेकडीवरची साइट घे

सीडर रॅपिड्स, १४ मे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू रागानेच ठेवलास, ते कळलं. "बाबा, तू फिरून फिरून वादळावरच येतोस." बरं, नाही येत. आईचं म्हणणं, चार महिन्यांच्या बाळाची आई आहे ती, तिचं तिला कळतं. तेही मान्य. पण जूनमध्ये ट्रेलर घेऊन मुक्कामाला जायच्या तीन जागा पाठवून "यातली कुठली घेऊ?" असं तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर भांडणात राहून गेलं. तेवढंच लिहायला बसलोय.

पहिली जागा, किकापू नदीकाठची खासगी. फोटो छान आहेत, पाण्याला लागून हिरवळ, कनू दारात. ती घेऊ नकोस. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यावरून हिमनद्या फिरल्याच नाहीत, म्हणून तिथे दऱ्या खोल, चिंचोळ्या आणि उतार उभे. रात्रीतून चार-पाच इंच पाऊस झाला की टेकड्यांवरचं सगळं पाणी काही तासांत त्या एका पात्रात उतरतं. १९७८ च्या पुरानंतर सोल्जर्स ग्रोव्ह गावाने आपली बाजारपेठ उचलून उंचावर नेली. त्याच नदीवर खाली गेज मिल्स आहे. तिथे ऑगस्ट २००७ मध्ये पूर आला आणि वर्षही उलटायच्या आत जून २००८ मध्ये पुन्हा आला. ऑगस्ट २०१८ मध्ये तर नदीने आधीचे उच्चांक मोडले. गावं जिथून उठून गेली तिथे आपण हौसेने ट्रेलर नेऊन लावायचा?

मालकाला विचारलंस तर तो म्हणेल, पाणी इथवर कधी येत नाही. विचारण्यापेक्षा बघावं. साइटवरच्या विजेच्या जोडणीच्या पेट्या छातीच्या वर किंवा लाकडी चौथऱ्यावर चढवलेल्या दिसल्या, कुंपणाच्या तारेत मक्याची जुनी धाटं अडकलेली दिसली, सपाटीवर सिल्व्हर मेपल आणि कॉटनवूडखेरीज दुसरं झाडच नसलं, की समजून जायचं. आत यायचा रस्ता एकच आणि तोही ओढ्यावरच्या बसक्या मोरीवरून असला तर त्याहून वाईट. साइट अजून कोरडी असते आणि रस्ता आधीच पाण्याखाली गेलेला असतो. अंधारात, पावसात ट्रेलर जोडून बाहेर काढायला नवख्या माणसाला अर्धा तास सहज लागतो. तशी वेळ आलीच तर ट्रेलर तिथेच सोडायचा, बाळाला घेऊन गाडीने निघायचं. ट्रेलर भाड्याचा आहे.

हे मी कुणाला सांगतोय? तू स्टॉर्मवॉटरची इंजिनिअर, पुराच्या नकाशातला 'एई' झोन, म्हणजे पुराच्या धोक्याचा पट्टा, मी तुला काय दाखवणार. तुमच्या कल्व्हर्टच्या कामाची बातमी आली होती ते कात्रण अजून आपल्या फ्रिजवर आहे, आईने दोनदा चुंबक बदलला. पण ऑफिसात नकाशा वाचणं वेगळं आणि सुट्टीचे फोटो बघताना तो आठवणं वेगळं. झालं, लागलोच शिकवायला. सोड.

उरलेल्या दोन, वायलुसिंग आणि पाइक्स पीक. विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळते त्या संगमाच्या अल्याड-पल्याड, दोन्ही उंच कड्यांवर, दोन्ही स्टेट पार्क. यातलं कुठलंही घे. वायलुसिंगला विस्कॉन्सिन रिज हा साइटींचा लूप अगदी कड्यावर आहे, लोकांना तोच हवा असतो, कारण दृश्य तिथून. पण वाराही तिथेच थेट अंगावर येतो. होमस्टेड लूप मागे झाडीत आहे, मी तो घेईन. दृश्य चालत जाऊनही बघता येतं. विस्कॉन्सिनचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, म्हणजे जूनचे शनिवार-रविवार केव्हाच गेलेले. रविवारी दुपारी जा, गुरुवारी निघ. सहल जुलैअखेरीस ढकलू मात्र नकोस. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात रॅगब्राय असतं, हजारो सायकलवाले आयोवा ओलांडतात, आणि त्यांची वाट ज्या गावांतून जाते तिथे हिरवळीचा तुकडाही शिल्लक राहत नाही.

आता लूपमधली नेमकी साइट. सौरभ म्हणाला ट्रेलर चोवीस फुटी आहे. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे लांबी नव्हे. पुढचा दांडा आणि मागचा बंपर धरून तो बहुधा २७-२८ फूट भरेल. तुमची गाडी १७ फुटांची धर. साइटच्या पानावर ४० फूट लिहिलं असेल तर गाडी सोडवून बाजूला लावता येते का ते बघ. रिव्हर्समध्ये लावायची असली तर वळण ड्रायव्हरच्या बाजूचं असावं, म्हणजे आरशात नाही तर खिडकीतून डोकं काढून मागचं चाक दिसतं. पार्किंग तूच कर. सौरभला राग नको येऊ दे, पण घरात मागे गाडी घेण्यात तुझा हात कुणी धरत नाही. आणि साइटला पोचलात की आधी वर बघायचं. अ‍ॅशची झाडं एमराल्ड अ‍ॅश बोरर या किड्याने मारली आहेत, उभी असतात पण आतून गेलेली. साल गळून फिकट चट्टे दिसतात आणि खोडाला इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची बारीक भोकं असतात. त्या झाडाच्या उंचीइतक्या अंतरात ट्रेलर नको, टेंट तर नकोच. जळणाचं लाकूडही तुमच्या नेपरव्हिलहून नेऊ नका, तो किडा लाकडातूनच गावोगाव पोचला. पार्कात विकतात ते घ्या.

निखिल आणि मंडळी टेंट लावणार ना? खडीच्या पॅडवर टेंटबरोबर आलेल्या बारीक खुंट्या वाकतात. १२ इंची लोखंडी खुंट्या आणि हातोडी आणायला सांग. ज्या खळग्यात वाळलेल्या चिखलाला भेगा आहेत तिथे पाणी साचून गेलेलं असतं, तिथे टेंट नको. खाली अंथरायचं प्लास्टिक टेंटच्या तळापेक्षा चार बोटं लहानच हवं. बाहेर डोकावलं तर वरचं पाणी त्यावर पडून थेट पाठीखाली येतं. बॅकबोन पार्कात तू सहा वर्षांची असताना खुंट्या तिरप्या ठोकायला लागलीस, मी सरळ कर म्हणालो तर म्हणालीस, "दोरी ओढेल तेव्हा निघून येईल." बरोबर होतं तुझं. खुंटीचं डोकं टेंटकडे नाही, टेंटपासून लांब कललेलं हवं. अण्णा असते तर ही गोष्ट त्यांनी साऱ्या पार्ल्याला सांगितली असती.

वीज. तुमच्या ट्रेलरला ३० अँपची कॉर्ड आहे, म्हणजे १२० व्होल्टवर सगळे मिळून ३,६०० वॉट. छतावरचा एसी एकटा १३ ते १५ अँप ओढतो. चिकूच्या बाटलीसाठी १,५०० वॉटची किटली लावलीस की आणखी साडेबारा. इथवर चालतं. त्यात वॉटर हीटर विजेवर असला की ब्रेकर पडणार, म्हणून तो गॅसवर ठेव. जोडताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. काढतानाही ब्रेकर आधी बंद. जुन्या पार्कांत भर दुपारी सगळ्यांचे एसी लागले की व्होल्टेज १०५ च्या खाली जातं आणि कॉम्प्रेसर तापतो. दिवे गेलेले नसतात म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. आत सॉकेटला लावायचा छोटा मीटर मिळतो, तो घे. १०५ दिसलं की एसी बंद.

पाण्याचा नळ साइटला मिळेलच असं धरू नकोस. आत शिरताना पिण्याच्या पाण्याच्या नळावर टाकी भरून घ्यायची. डंप स्टेशनवर, म्हणजे घाण पाणी सोडायच्या जागी, एक नळ असतो, तो घाण नळ्या धुवायचा. त्यावरून कधीही भरू नये, कितीही गर्दी असली तरी. नळाला रेग्युलेटर लाव, ४०-५० पीएसआयच्या वर ट्रेलरचे सांधे गळतात. निघताना काळी टाकी (संडासाची) आधी रिकामी करायची, मग करडी (सिंक-शॉवरची), म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. करडी टाकी सगळ्यात आधी भरते, तेव्हा आंघोळी शॉवर हाऊसमध्येच करा.

आणि हे मात्र नीट वाच. चिकूचं दूध कॅम्पग्राउंडच्या किंवा वाटेतल्या शेतघराच्या पाण्यात करू नकोस. त्या भागात खाली चुनखडक आहे, जमिनीला विवरं आहेत, शेतातलं खत थेट भूजलात उतरतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, आणि ती सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठीच ठेवलेली आहे, कारण त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, बाळ निळं पडतं. आई म्हणेल उकळून दे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. ट्रेलरच्या नळीवर बसवतात तो साधा कार्बन फिल्टरही ते काढत नाही. घरून दिवसाला चार लिटर धरून बाटल्यांचं पाणी ने. घाबरवत नाहीये. घाबरवतोय, खरं तर.

मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे. प्रत्येक फाटकाच्या आधी पंधरा-वीस सेकंद भोंगा, दोन लांब, एक आखूड, एक लांब, रात्रभर. खालच्या गावातल्या जागा स्वस्त असतात त्याचं अर्धं कारण हेच. कड्यावर तो ऐकू येतो पण बाळ उठत नाही.

आता एकदाच लिहितो, मग नाही. आपल्याकडे जूनमधली मोठी वादळं बऱ्याचदा रात्री येतात. दुपारी नेब्रास्काकडे तयार होतात, सूर्य मावळला की दक्षिणेकडून वर सरकणारा दमट वारा जोर धरतो, ढग एकमेकांत मिसळून पूर्वेला निघतात आणि मिसिसिपीपाशी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे तुम्ही झोपलेले. दऱ्यांत फोनला रेंज नसते, म्हणून फोनच्या अलर्टवर विसंबू नकोस. बॅटरीवरचा वेदर रेडिओ घे, त्यात काउंटीचे आकडे भरायचे. पाइक्स पीक क्लेटन काउंटीत, ०१९०४३. वायलुसिंग ग्रँट काउंटीत, ०५५०४३. दोन्ही भर, आणि पश्चिमेची फेएट पण भर, ०१९०६५, म्हणजे जरा आधी जाग येईल. ट्रेलर चाकांवर आहे, टॉर्नेडोची वॉर्निंग आली की त्यात थांबायचं नाही. काँक्रीट ब्लॉकचं शॉवर हाऊस गाठायचं, त्यातही खिडकी नसलेली आतली खोली. लिटल सू स्काऊट रँचवर ११ जून २००८ च्या टॉर्नेडोत चार मुलं गेली ती उघड्यावर नव्हती, इमारतीतच होती. म्हणून भिंत कसली आहे ते उजेडी बघून ठेव. पोचल्यावर पार्कवाल्यांना दोनच गोष्टी विचार. आसऱ्याची इमारत कुठली, आणि रात्री तिला कुलूप असतं का. मग चिकूला कडेवर घेऊन साइटपासून तिथवर एकदा चालून ये. अगदी शेजारची साइट नको, दिवा आणि दारांचा आवाज रात्रभर असतो. दोन-तीन सोडून पुढची घे. झोपताना ऑनिंग (ट्रेलरचं बाहेरचं छत) गुंडाळून ठेव, आभाळ निरभ्र असलं तरी.

१० ऑगस्ट २०२० ला तू इथे नव्हतीस. ते वादळ तर भर दुपारी आलं होतं, सगळे जागे होते, तरी आपल्या गल्लीत धड झाड राहिलं नाही. म्हणून मी फिरून फिरून येतो, मृण्मयी. दुसरं काही नाही. जाऊ नका असं मी म्हणतच नाहीये. काल तसं ऐकू गेलं असेल तर सॉरी.

दोन्हीकडे जागा नाहीच मिळाली तर कोरलव्हिल लेकवर आर्मी कोअरचं वेस्ट ओव्हरलुक आहे, आपल्या घरापासून अर्ध्या तासावर. माझ्या सिनियर पासवर निम्मे पैसे पडतात. पण पासवाला स्वतः मुक्कामाला असावा लागतो. ते तुला नको असेल, म्हणून शेवटी लिहिलं.

बुकिंग झालं की साइट नंबर तेवढा कळव. आई तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकूट पाठवतेय. सौरभला आशीर्वाद, चिकूला पापे.

तुझा,
बाबा

ता. क. गॅरेजमधली माझी ३० अँपची जादा कॉर्ड, पितळी रेग्युलेटर आणि लेव्हलिंगचे पिवळे ठोकळे काढून ठेवलेत. भाड्याच्या ट्रेलरबरोबर ठोकळे बहुधा देत नाहीत. शनिवारी सुमाआत्या तिकडे येतेय, तिच्या गाडीत देतो. वेदर रेडिओही त्यातच टाकलाय, आकडे भरून.