तिसरी चढाई

चि. बाय हिस, मालवणहून बाबाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी कबड्डीचा सामना संपल्यावर फोनवर तू म्हणालीस, "मी जीव तोडून खेळले नाही म्हणून हरलो." मला ते पटलेलं नाही. मी मैदानाच्या कडेलाच बसलो होतो. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरीत गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं. मध्यरेषा ओलांडलीस तेव्हाच तुझे खांदे कानाला भिडले होते. नजर डाव्या कोपऱ्यातल्या पोरीवर खिळलेली. उजवीकडची पोर साखळी सोडून हातभर पुढे आली होती, तुला ती दिसलीच नाही. आठ-दहा सेकंदांत झेप घेतलीस. चढाईला ३० सेकंद असतात गो.

तुझं शारीरिक शिक्षणाचं पुस्तक घरी राहिलंय, ते रात्री वाचलं. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन संशोधकांनी उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं, चुकलं की विजेचा झटका. फरक ठळक होता तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. फरक पुसट केला, तेव्हा मात्र मध्यम झटक्यावर लवकर शिकले; जबर झटक्याने उलट उशीर लागला.

उंदरांचं सगळंच माणसाला लागू होत नाही, पण हे मी समुद्रावर पाहिलंय. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना जेवढा चेव, तेवढा दोर सरसर येतो. खाडीच्या मुखातून होडी आत घ्यायची तर लाटा मोजत थांबावं लागतं. तू दोन वर्षांची असताना माझी होडी तिथेच उलटली. मागून सगळे "घाल, घाल" ओरडत होते आणि मी घातली.

रविवारी "आण, आण" ओरडणारा मीच होतो. त्यात सकाळी संघातल्या निवडीचं बोललो. नको होतं बोलायला.

पकडीत तुझा चेव ठेव, घोटा धरलास की सोडू नकोस. चढाईला निघण्याआधी मात्र एकदा श्वास सावकाश, पूर्ण सोड. घेतल्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, छातीची धडधड उतरते. मग कोपरे बघ, दोन्ही. लहानपणी किनाऱ्यावर संध्याकाळी दम संपेपर्यंत चढाया करायचीस, तेव्हा तुला पाठीमागची पोरंसुद्धा दिसायची.

आईने सुके बांगडे आणि आमसुलं पाठवलीत. पुढच्या सामन्याला येतोय, मागच्या रांगेत बसेन.

तुझा,
बाबा