युक्रेनच्या रेल्वेवाल्यांनो, भुसावळहून एका रिटायर्ड ड्रायव्हरचा नमस्कार

दादांनो आणि ताईंनो,

तुमची भाषा मला येत नाही, म्हणून मराठीतच लिहितोय. कोणी भाषांतर करून पोचवलं तर उत्तमच, नाहीतर इथल्या चार लोकांनी वाचलं तरी चालेल.

मी सेंट्रल रेल्वेत लोको पायलट होतो, भुसावळ डिव्हिजन. अर्धी नोकरी मालगाड्या ओढण्यात गेली, नंतर मेल-एक्सप्रेस, आणि आता घरी बसून नातवंडांची बोलणी खातोय. तुमची माझी ओळख नाही, पण तुमचं देणं लागतो, कारण माझी भाची खारकिव्हला एमबीबीएस करत होती आणि तिला तिथून तुम्ही बाहेर काढलंत.

ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. 24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध सुरू झालं, पोरं तळघरात आणि मेट्रोच्या स्टेशनात जाऊन बसली, 1 मार्चला खारकिव्हच्या मोठ्या चौकात मिसाईल पडलं, त्याच दिवशी किराणा आणायला लाइनीत उभा असलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी गेला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या एम्बसीने सांगितलं की गाडी मिळो न मिळो, पायी जा पण संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा. इकडे ताईचे फोनवर फोन. सगळं घर मलाच विचारतंय, तू रेल्वेत होतास ना, मग सांग ना गाडी सुटेल का. आता मी जळगाव जिल्ह्यात बसून खारकिव्हची गाडी सुटेल का नाही हे काय सांगणार!

गाडी सुटली. तिकीट नाही, रिझर्वेशन नाही, जो आत शिरेल तो आपला. चार बर्थच्या कंपार्टमेंटमध्ये किती माणसं होती विचारलं तर भाची म्हणाली, मामा, मोजायला मान फिरवता येत नव्हती. डब्यातले दिवे बंद, पडदे खाली, मोबाईलसुद्धा स्वेटरखाली धरून बघायचे. गाडी मध्येच हळू व्हायची, मध्येच उभी राहायची, आणि पोरं घाबरायची की थांबली का. मी मात्र ते ऐकून मनात म्हटलं, थांबवतोय म्हणजे ड्रायव्हर जागेवर आहे आणि कंट्रोलशी बोलतोय. पुढचा पूल शाबूत आहे का, पुढच्या स्टेशनवर काय पडलंय, हे कळल्याशिवाय पुढे घ्यायची नाही, आणि कळलं की मग काळोखात घ्यायची. मी धुक्यात गाडी चालवलीय, घाटात चालवलीय, पण कोणीतरी वरून माझ्या गाडीवर नेम धरलाय हे माहीत असताना हँडल कसं ओढायचं ते मला विचारू नका.

आणि त्या डब्याच्या अटेंडंट बाई. तुमच्याकडे डब्याला स्वतःचा अटेंडंट असतो आणि डब्याच्या टोकाला कोळशावर तापणारा बॉयलर, आमच्या लहानपणी न्हाणीघरात बंब असायचा तसा. बाहेर बर्फ, लाइटचा भरवसा नाही, पण ती बाई रात्रभर त्यात कोळसा घालत होती म्हणून डबा उबदार राहिला. पन्नाशीची असेल म्हणे. पोरींना पेल्यातून गरम पाणी द्यायची, लहान पोरांना आधी, आणि स्वतः दाराजवळ उभी. भाचीला तिचं नाव विचारायचं सुचलं नाही. पश्चिमेकडच्या ल्विव्हला उतरल्यावर हिने मिठी मारली तर त्या बाईने पाठीवर थोपटलं आणि हाताने खूण केली, चला चला, डबा रिकामा करा, कारण खाली प्लॅटफॉर्मवर खोके घेऊन माणसं तयारच होती.

हे पत्र खरं तर त्या खोक्यांसाठी आहे.

माणसं बाहेर काढली म्हणून जगाने तुमचं कौतुक केलं, आणि ते करायलाच पाहिजे, पहिल्या काही महिन्यांत 40 लाखांच्या आसपास लोक तुम्ही हलवलेत. पण रेल्वेवाला माणूस हा आकडा ऐकला की लगेच विचारतो, रेक, म्हणजे डब्यांची ती अख्खी रांग, परत कसा गेला? आम्हाला रिकामा रेक परत नेणं म्हणजे नुसता वैताग. तुम्ही तो रिकामा नेलाच नाहीत. ज्या सीटवर माझी भाची बसली होती त्याच सीटवर पीठ, डबाबंद खाणं, औषधं, लहान मुलांचे डायपर, ब्लँकेटं असं सगळं रचून तीच गाडी पुन्हा खारकिव्हकडे. म्हणजे लोक जिथून जीव घेऊन पळत होते तिथे तुम्ही ड्युटी म्हणून परत जात होता, आणि तिथे पोचून पुन्हा माणसं भरून इकडे, आणि पुन्हा खोके भरून तिकडे. येताना निदान आपण सुटतोय हे तरी असतं. जाताना काय असतं? मला त्या जाणाऱ्या गाडीच्या क्रूला हात जोडायचेत.

त्यात तुमचं गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, दुखणं. पोलंडकडून मदत आली तरी त्यांचा रूळ 1435 मिलीमीटरचा आणि तुमचा 1520 चा, म्हणजे नुसता 85 मिलीमीटरचा फरक, पण त्याच्यापायी बॉर्डरवर एकतर डब्याखालची चाकांची बोगी बदला नाहीतर सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवा. ज्यांनी मनमाडला मीटर गेज असतानाचं ट्रान्सशिपमेंट बघितलंय त्यांना हे समजावून सांगायला नको, कंबरडं मोडतं. आणि तुम्ही हे सायरन वाजत असताना करत होता.

मधल्या काळात तुमच्यावर काय काय झालं ते मी पेपरात वाचत होतो. 8 एप्रिल 2022, क्रामातोर्स्क. स्टेशनवर गाडीची वाट बघणारी हजारो माणसं, बहुतेक बायका, पोरं, म्हातारे, आणि त्यांच्यावर मिसाईल. साठच्या आसपास माणसं गेली. मी दोन दिवस जेवलो नाही नीट. आपल्या प्लॅटफॉर्मवर, आपल्या गाडीसाठी थांबलेलं पॅसेंजर मरणं हे कुठल्याही रेल्वेवाल्याला सहन होत नाही, आमच्यावर मिसाईल पडलेलं नाही पण एखादा ॲक्सिडेंट झाला तरी माणूस वर्षानुवर्षं झोपेतून दचकून उठतो. आणि तुम्ही शेजारच्या स्लोव्हियान्स्कहून लोकांना काढणं चालूच ठेवलंत. त्याच महिन्याच्या 25 तारखेला एका सकाळी तुमची पाच स्टेशनं मारली. ऑगस्टमध्ये, ऐन तुमच्या स्वातंत्र्यदिनी, चाप्लिने स्टेशन. तुमचे शेकडो सहकारी या युद्धात गेलेत. त्यातले किती ड्युटीवर आणि किती आघाडीवर हा हिशोब घरच्यांना काय उपयोगाचा.

बरं, गँगमन लोकांचं नाव कोणी घेत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नसेल, म्हणून मी घेतो. 11 नोव्हेंबर 2022 ला खेरसॉन शहर रशियाच्या ताब्यातून सुटलं आणि 19 ला कीवहून पहिली गाडी तिथे पोचली. मधल्या आठ दिवसांत काय झालं असेल ते ट्रॅकवाल्यालाच कळेल. रूळ उखडलेले, पेरलेले सुरुंग, पुढे सुरुंग काढणारे आणि त्यांच्या मागे तुमचे ट्रॅकमन स्लीपर टाकत, रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेट आवळत, वर ओव्हरहेड वायरची बोंब. शहरात लाइट नव्हती, नळाला पाणी नव्हतं, लोक मोबाईल चार्ज करायला स्टेशनवर येत होते. आठ महिन्यांनी गाडी आली तेव्हा प्लॅटफॉर्मवर लोक झेंडे घेऊन आले होते. त्या फोटोत मी बराच वेळ फक्त रूळ बघत होतो, खडी नवी कुठे टाकलीय ते.

आम्हीही थोडंफार केलंय, सांगायला हरकत नाही. 2016 ला लातूरला पाणी संपलं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी गेली. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत होती तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला नेले आणि भरून नागपूर, नाशिकला आणले. जाताना ती गाडी आमच्या भुसावळवरूनच गेली, माझ्या ओळखीची पोरं ड्युटीला होती, अजून छाती फुगवून सांगतात, आणि सांगू देत. पण त्यांना कोणी वरून मारत नव्हतं. हा फरक मी त्यांनाही सांगतो.

मोठमोठे लोक तुमच्या गाडीत बसून गेले, अमेरिकेचे बायडन गेले, 2024 च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधानसुद्धा पोलंडहून रात्रभर प्रवास करून कीवला गेले आणि वैद्यकीय मदतीचे चार भीष्म क्यूब देऊन आले. टीव्हीवर चर्चा कसली, तर डब्यातलं फर्निचर केवढं आलिशान. एकाही अँकरला वाटलं नाही की इंजिनात कोण बसलंय ते विचारावं. असो, आमच्याकडेही तेच आहे.

भाचीचं सांगायचं तर शिक्षण मध्ये अडकलं, परीक्षांची भानगड झाली, पण पार पडली. ताईने देव्हाऱ्यात तुमच्यासाठीही दिवा लावला होता, तुम्हाला चालत असेल असं धरून चाललोय.

आता एक धंद्यातलं विचारतो, राग मानू नका. 2022 च्या हिवाळ्यात तुमची ग्रिड मारली, सबस्टेशनं उडवली, वायरमध्ये करंटच नाही, तेव्हा तुम्ही इलेक्ट्रिक इंजिनाच्या जागी डिझेल लावून गाड्या चालवल्यात. ती डिझेल चालू स्थितीत होती कशी? कोणत्या शेडला, किती, कोणी सांभाळून ठेवली होती? कारण आमच्याकडे जवळजवळ सगळी ब्रॉड गेज इलेक्ट्रिक झालीय आणि डिझेल कधी एकदा भंगारात काढतो असं काही लोकांना झालंय. मी बोललो तर म्हणतात, काका तुम्ही जुने, तुम्हाला धुराची सवय. तुमच्यापैकी कोणी शेडमधला माणूस हे वाचत असेल तर दोन ओळी लिहून पाठवा, मला इथे भांडायला उपयोगी पडतील.

तुमचा,
एक रिटायर्ड लोको पायलट, भुसावळ