करंगळी नेमकी कधी वर होते?

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका शाळेत येणार म्हटलं की आम्ही मंडळी दिव्यांग विद्यार्थ्यांची फाइल काढून ठेवतो. माहिती घेतील, सही घेतील आणि पुढच्या शाळेला जातील, एवढीच आमची समजूत. तुम्ही फाइल बाजूला सारलीत आणि माझ्या चौथीच्या वर्गात मागे सतरंजीवर जाऊन बसलात. वहीत तीन रकाने आखलेत: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय घडलं. हे आभार त्या तीन रकान्यांचे.

डी.एड.ला साधक अभिसंधान, म्हणजे कृतीनंतर जे घडतं त्यावरून ती कृती वाढते किंवा कमी होते हे तत्त्व, आम्ही सगळ्यांनीच घोकलंय. पेटीतला उंदीर, कळ दाबली की अन्नाची गोळी, खाली प्रबलनाचे, म्हणजे कृती वाढवणाऱ्या परिणामांचे, प्रकार. पेपर झाला, उंदीर विसरला. आमच्या वर्गातल्या एका करंगळीशी त्याचा काही संबंध असेल, असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ही करंगळी शाळेत प्रसिद्ध होती. येता-जाता "सर, जाऊ?" कोणी म्हणे सवयच लागलीय, कोणी म्हणे अभ्यासात लक्ष नाही, कोणी आजीच्या लाडांवर खापर फोडी. तुमच्या वहीत यातलं काहीच नव्हतं. गणिताला करंगळी नाही, चित्रकलेला नाही, परिसर अभ्यासाला तर पठ्ठ्या गुडघ्यांवर उभा राहून बोलतो. भाषेच्या तासाला ओळीने प्रकट वाचन सुरू झालं आणि पाळी दोन मुलांवर येऊन ठेपली, की करंगळी वर. तो परत येईस्तोवर पाळी पुढे सरकलेली. तिसऱ्या रकान्यात तुम्ही दोनच शब्द लिहिले होते: 'वाचन टळलं.' पोराला जोडाक्षरं येत नव्हती, आणि ते त्याने अख्ख्या वर्गापासून मोठ्या शिताफीने लपवलं होतं.

आता याला जाऊच द्यायचं नाही, असं तुम्ही सांगाल अशी माझी अटकळ होती. तुम्ही उलटंच बजावलंत: लघवीला कधीही अडवायचं नाही. त्याऐवजी "सर, माझी पाळी नंतर" एवढं म्हणायची मुभा द्यायची, आणि त्यावर एकही प्रश्न विचारायचा नाही. चहा घेताना तुम्ही सांगितलंत की एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी 1985 साली अमेरिकेत या वाटेचा अभ्यास केला होता. विकासात अडचणी असलेली काही मुलं अवघड काम पुढ्यात आलं की त्रागा करत. त्यांना मदत मागायचे शब्द शिकवले, तेव्हा त्रागा कमी झाला. आमच्याकडे शब्दांच्या जोडीला सरावही लावला. उद्याचा उतारा आज घरी, आणि परिपाठानंतर थोडा वेळ जोडाक्षरं. वाचून झाल्यावर नुसतं 'शाब्बास' नाही, तर "'रस्त्यावर' हा शब्द न अडखळता वाचलास" असं नेमकं सांगायचं. 'पाळी नंतर' आता क्वचित ऐकू येतं. करंगळी अजून अधूनमधून वर होते, पण तेव्हा बहुतेक वेळा खरंच लागलेली असते.

पाट्यांचंही श्रेय तुमचंच. 1953 साली त्या उंदराच्या पेटीवाले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले होते. काही मुलं गणित सोडवून रिकामी बसलेली, काही अडलेली, आणि बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हतं. घरी येऊन ते शिकवण्याचं यंत्र बनवायच्या मागे लागले. "आपल्याला यंत्र कशाला, दप्तरात पाटी आहे," तुम्ही म्हणालात. आता प्रश्न विचारला की सगळ्यांनी लिहायचं आणि 'पाट्या वर' म्हटलं की दाखवायचं. "सर मी, सर मी" करणारी ठरावीक मुलं आणि त्यांच्या आड लपणारी बाकीची, हा प्रकारच संपला. कोणाचा हातचा राहिला ते उभ्या उभ्या दिसतं. तोटा एकच: पाटी पुसून पुसून सगळ्यांच्या बाह्या पांढऱ्या, आणि त्यावरून आयांची बोलणी मला.

बक्षिसांच्या बाबतीत मात्र आपलं पुरतं जमलेलं नाही. तुम्ही 1973 चा स्टॅनफर्डच्या बालवाडीतला प्रयोग सांगितलात. चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या मुलांना प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, तर ती नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. मान्य. चित्रकलेला बक्षीस बंद केलं. पण जोडाक्षरांवर घाम गाळणाऱ्या पोराला शनिवारी चिक्कीचा तुकडा मिळाला तर त्यात काय बिघडतं? "थोडे दिवस चालेल, मग हळूहळू कमी करा," म्हणालात. ते 'हळूहळू' अजून चालू आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या, 2009 च्या, कलम 17 ने छडी गेली, उत्तम झालं. पण तिच्या जागी हातात काय घ्यायचं, ते आम्हाला एवढं जवळून कोणी दाखवलं नव्हतं.

तिसरीच्या बाई विचारताहेत, त्यांच्या वर्गातही याल का? मधल्या सुट्टीनंतरचा तास बघा म्हणतात, खिचडी खाऊन मुलं पेंगतात ती का. माझं मत विचाराल तर त्या खोलीचे पत्रे तापतात. पण आधी तुम्ही येऊन रकाने भरा.

आपला कृतज्ञ,
इयत्ता चौथीचा वर्गशिक्षक