रिपोर्टमधला ‘हमिंगबर्ड’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूविकारांच्या खुणांना दिलेल्या प्राण्या-पक्ष्यांच्या नावांवरचा आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. चित्रे झकास होती. पण खूण कोणत्या छेदात शोधायची आणि ती कधी फसवते, हे राहून गेले. रिपोर्टमधले नाव मोबाइलवर शोधून धास्ती घेणारे कमी नाहीत, म्हणून हे पत्र.

हमिंगबर्डचेच घ्या. एमआरआयमध्ये अगदी मध्यरेषेतल्या उभ्या छेदात मेंदूच्या खोडाचा वरचा भाग म्हणजे मध्यमस्तिष्क आणि त्याखालचा फुगीर भाग म्हणजे पॉन्स बाजूने दिसतात. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी (पीएसपी) या तोल आणि नजर बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजारात मध्यमस्तिष्क झिजते, पॉन्स बराचसा शाबूत राहतो. झिजलेला भाग पक्ष्याचे डोके आणि चोच, पॉन्स त्याचे पोट. काहींना त्यातच पेंग्विन दिसतो, आजार तोच. या छेदातले मध्यमस्तिष्काचे क्षेत्रफळ निरोगी ज्येष्ठांत साधारणपणे 100 चौ. मिमीच्या आसपास किंवा जास्त असते, पीएसपीत ते बहुधा 70 च्या खाली जाते. पण डोके तिरके राहिले, छेद मध्यरेषेतून सरकला किंवा कट 5 मिमी जाडीचे घेतले, की आकार बिघडतो. त्यासाठी सुमारे 1 मिमीचा थ्रीडी टी-वन (एमआरआयचा एक प्रकार) घ्यावा, मध्यरेषेत सरळ करावा आणि मगच मोजावे. रिपोर्टमध्ये पक्ष्याच्या नावाशेजारी हा आकडाही लिहिला, तर पुढच्या डॉक्टरांचे काम सोपे होते. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलसमध्येही (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगण्याचा आजार) असाच पक्षी दिसू शकतो आणि पीएसपीच्या सुरुवातीला तो दिसेलच असे नाही. नजर खाली वळत नाही, सुरुवातीच्या काही वर्षांतच रुग्ण मागच्या मागे पडतो, ही लक्षणे आहेत का, हे आधी पाहायचे.

स्वॅलो टेल, म्हणजे भिंगरीची दुभंगलेली शेपटी, हिची गंमत उलटी. सबस्टॅन्शिया नायग्रात (मध्यमस्तिष्कातला काळसर भाग) ती दिसणे हे निरोगीपणाचे लक्षण. पार्किन्सन्समध्ये ती नाहीशी होते. रिपोर्टमध्ये तिचे नाव दिसताच घाबरण्याआधी पुढचा शब्द ‘आहे’ की ‘नाही’, ते वाचावे. ती नीट दिसायला 3 टेस्लाचे मशीन आणि पातळ कटांचा एसडब्ल्यूआय (लोहाला संवेदनशील असा एमआरआयचा प्रकार) लागतो. रुग्ण जरासा हलला तरी शेपटी पुसली जाते. शिवाय पीएसपीतही ती हरवते, त्यामुळे या दोन आजारांतला फरक तिच्यावरून ठरत नाही.

पांड्याचा चेहरा टी-टू या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत, मध्यमस्तिष्काच्या आडव्या छेदात दिसतो. तो शरीरात तांबे साठण्याच्या विल्सन्स आजाराकडे बोट दाखवतो आणि हा आजार औषधांनी आटोक्यात येतो, म्हणून इथे दिरंगाई परवडत नाही. रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन), 24 तासांच्या लघवीतले तांबे आणि स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याचा सूक्ष्मदर्शक) डोळ्यातले कायसर-फ्लायशर वलय, या तपासण्या लगेच कराव्यात. पांडा दिसला नाही म्हणून त्या टाळू नयेत.

सशाला मात्र स्कॅन लागत नाही. रॅबिट सिंड्रोममध्ये, बहुधा मनोविकारावरच्या औषधांमुळे, ओठ वर-खाली, सेकंदाला सुमारे पाच वेळा, एका लयीत थरथरतात. जीभ स्थिर असते. जीभही वळवळत असेल आणि हालचाल बेताल असेल, तर टार्डिव्ह डिस्कायनेशियाची, म्हणजे अशाच औषधांमुळे उशिरा सुरू होणाऱ्या अनैच्छिक हालचालींची, शंका घ्यावी. हा फरक महत्त्वाचा, कारण सशाला उतार देणारी अँटिकोलिनर्जिक गोळी डिस्कायनेशिया वाढवू शकते. दोन्हींत मूळ औषध परस्पर बंद करू नये. डोस कमी करायचा की औषध बदलायचे, ते मनोविकारतज्ज्ञांना ठरवू द्यावे.

आपला,
एक वाचक