ताई, हॅम्पस्टेड रोडच्या त्या नोंदींसाठी मनापासून आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

लंडनच्या युस्टन स्थानकाशेजारची, हॅम्पस्टेड रोडवरची सेंट जेम्स गार्डन्स ही जुनी दफनभूमी एचएस२ रेल्वेमार्गासाठी खोदून रिकामी केली गेली, तेव्हा तिथे पूर्वज पुरलेल्या अनेक घराण्यांना वाटलं की आता माग काढण्यासारखं काही उरलंच नाही. अशा घरांत सून म्हणून आलेल्या आम्हा मराठी बायकांना तुम्ही जुने दफ्तर वाचायला शिकवलंत. तुमचे आभार जाहीरपणे मानावेत आणि तुमची रीत इतरांच्याही हाती लागावी, म्हणून हे पत्र.

तुमचं पहिलं सांगणंच सगळ्यात मोलाचं ठरलं: थडगं कुठे होतं ते नंतर, दफन कोणत्या पॅरिशनं, म्हणजे चर्चच्या कोणत्या स्थानिक विभागानं, केलं ते आधी. ही जमीन सेंट पॅन्क्रासच्या हद्दीतली, आजच्या कॅम्डेनमधली. म्हणून लोक सेंट पॅन्क्रासच्या दफनाच्या नोंदवह्या चाळत बसतात आणि हाती काही लागत नाही. दफनभूमी होती मात्र पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चची. त्या पॅरिशनं ती १७९०च्या सुमारास सुरू केली आणि १८५३मध्ये ती बंद झाली. पिकॅडिली वेस्टमिन्स्टरमध्ये येतं, त्यामुळे वह्या वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारात आहेत. ही एक गोष्ट माहीत नसली तर कितीही शोधा, नाव सापडत नाही.

वही वाचण्यातल्या खाचाखोचाही तुम्हीच दाखवल्यात. १८१३पासून छापील नमुना आला, एका पानावर आठ नोंदी: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय, विधी करणाऱ्या पाद्र्याची सही. नातं नाही, मृत्यूचं कारण नाही. त्याआधीच्या नोंदी तर अनेकदा नाव आणि तारखेवरच संपतात. वह्यांवरून केलेल्या नावांच्या सूचीत नाव नसलं तर मूळ पानाची प्रतिमा उघडायची, कारण सूची करणाऱ्यांकडून जुन्या वळणाचा टी एफसारखा आणि एल एससारखा वाचला जातो. आणि सापडलेली तारीख मृत्यूची समजायची नाही, ती दफनाची असते.

एकाच नावाची दोन-तीन माणसं निघाली की वय आणि पत्ता जुळवायचा. १ जुलै १८३७नंतरचा मृत्यू असेल तर दाखला मिळतो; त्यात दफनाचं ठिकाण नसतं, पण वय आणि पत्ता ताडून बघायला तो पुरतो. त्याआधीच्यांसाठी मृत्युपत्र बघायचं. कँटरबरीच्या चर्च-न्यायालयात नोंदलेली मृत्युपत्रं ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘पीआरओबी ११’ या मालिकेत आहेत, आणि कुठे पुरावं याची इच्छा काही जणांनी त्यात लिहून ठेवलेली असते.

दगड गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही, हे समजावताना तुम्ही कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्सचं उदाहरण द्यायचात. ऑस्ट्रेलियाला जहाजानं वळसा घालून तिचा किनारा नकाशावर आणणारा हा दर्यावर्दी १९ जुलै १८१४ला वारला आणि २३ला इथे पुरला गेला. १८५२पर्यंत त्याचा दगड नाहीसा झाला होता. पुढे त्याचं थडगं युस्टनच्या फलाटाखाली असल्याचं लोक सांगू लागले. जानेवारी २०१९मध्ये शवपेटीवरच्या शिशाच्या पाटीवरून त्याची ओळख पटली, आणि जुलै २०२४मध्ये डॉनिंग्टन या त्याच्या गावी त्याचं पुन्हा दफन झालं. शिसं मातीत टिकतं. साध्या पत्र्याच्या पाट्या गंजून जातात, म्हणूनच तिथल्या बहुतेकांची नावं उरली नाहीत.

याच कारणासाठी तुम्ही आम्हाला वेळीच थांबवलंत. तिथून काढलेले हजारो अवशेष सरे परगण्यातल्या ब्रुकवुड दफनभूमीत पुन्हा पुरले गेले. पाटी मिळाली नसेल तर वंशावळीत ‘सेंट जेम्स, हॅम्पस्टेड रोड इथे दफन, तिथले अवशेष पुढे ब्रुकवुडला’ एवढंच लिहायचं, ब्रुकवुडमधल्या एखाद्या जागेवर बोट ठेवायचं नाही. हा काटेकोरपणा आम्हाला फार आवडला.

दुसऱ्या एखाद्या चर्चचं आवार असंच मोडलं गेलं असेल, तर राष्ट्रीय अभिलेखागारातली ‘आरजी ३७’ ही मालिका बघायला तुम्हीच सांगितलंत. हलवलेली थडगी, दगडांवर वाचता आलेली नावं आणि नवी जागा यांचे कागद तिथे आहेत. ज्यांच्यावर दगडच नव्हता त्या गरिबांची नावं मात्र त्यात नसतात. त्यांच्यासाठी पुन्हा पॅरिशच्या वहीकडेच यावं लागतं. आवाराची मूळ हद्द स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, लंडनच्या १८९०च्या दशकातल्या मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांत फुकट बघता येते.

आणि मुंबई इलाख्यात वारलेल्या इंग्रजांसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरातली ‘एन ३’ मालिका! मुंबईहून पाठवलेल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती तिथे आहेत. आमच्यातल्या दोघींचं काम आता त्यावर सुरू आहे.

ताई, इतक्या अनोळखी माणसांच्या अक्षरांवर तुम्ही आमच्यासाठी डोळे शिणवलेत आणि प्रत्येक उताऱ्याखाली वहीचा क्रमांक आणि पान लिहून दिलंत. ते उतारे आता घरातल्या मुलांनाही वाचता येतात.

तुमच्या ऋणी,
सासरच्या पूर्वजांचा माग काढणाऱ्या आम्ही मैत्रिणी