मांगरातल्या गाड्यांना कागद मिळावेत : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

देवगड तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात गेली एकेचाळीस वर्षे मी जुन्या मोटारसायकली, आणि अधूनमधून एखादी फियाट, पुन्हा चालती करीत आलो आहे. पोट आंब्याच्या कलमांवर चालते. हा केवळ नाद आहे. तरुणपणी घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडच्या मातीच्या ट्रॅकवर शर्यतींतही उतरलो आणि उजवा घोटा दर पावसाळ्यात त्याची आठवण करून देतो. आपल्याला लिहिण्याचे कारण एकच आहे : कोकणातील दुरुस्त होण्याजोग्या गाड्या गंजाने मरतात त्याहून अधिक नोंदणीच्या कागदांअभावी मरतात.

गंजाशी निदान झुंजता येते. खाऱ्या वाऱ्यात मडगार्डचा पत्रा पापडासारखा होतो आणि क्रोमचे पापुद्रे सुटतात हे खरे. परंतु टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही फिरलेले असल्यामुळे, गाडी उभी करताना कोणा जाणत्याने प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडले असेल, तर पुष्कळ वर्षांनीही इंजिनातला क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, मोकळा सापडतो. मग सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, क्रँकची सील बदलायची, ठिणगीचे पॉइंट घासायचे, टाकीत नट-बोल्ट घालून ती तासन्‌तास हलवायची आणि आतला गंज सोडवायचा. उरलेले सुटे भाग चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात, धीर धरल्यास, मिळतात.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतील एका मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, गवताच्या भाऱ्यांमागे, १९७९ सालची येझदी मोटारसायकल सापडली. गिरणीत कामाला असलेल्या एका चाकरमान्याने ती मुंबईत घेतली होती आणि १९८२ च्या संपानंतर गावी आणली होती. सहा महिन्यांत ती सुरू झाली; एकच दांडा आधी किक आणि मग गिअर कसा होतो, हे पाहायला वाडीतली मुले रोज जमत. कागदांचा गुंता मात्र आजही सुटलेला नाही. मालक वारले, नोंदणीचे पुस्तक वाळवीने खाल्ले. वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१, दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ आणि नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागतो, हे मला समजते. समजत नाही ते एवढेच, की मूळ नोंद हस्तलिखित वहीत राहून संगणकावर आलीच नसेल तर यांतला पहिला अर्ज कुठला करायचा. एका आरटीओ कार्यालयाने दुसऱ्याचा ना हरकत दाखला मागितला. दुसऱ्याने सांगितले की नोंदच सापडत नसल्याने दाखला देता येत नाही.

ही अडचण कोकणात अधिक आहे, कारण इथल्या कित्येक गाड्या चाकरमान्यांबरोबर मुंबईच्या नोंदणीवर आल्या. शिवाय सिंधुदुर्ग हा जिल्हाच १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची स्थानिक नोंदसुद्धा शेजारच्या जिल्ह्यात शोधावी लागते.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले, त्याबद्दल आमच्यासारख्यांना आनंदच झाला. परंतु तेथे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली हवीत, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि वाहन मूळ स्वरूपात, मोठे फेरफार न केलेले असावे लागते. १९८३ मध्ये भारतात आलेली राजदूत ३५० मोटारसायकल या हिशेबाने २०३३ पूर्वी विंटेज ठरत नाही. तोवर तिचे काय होते, हे मी स्वतः केलेल्या पापावरून सांगतो : कागद न जुळलेल्या अशाच एका गाडीचे इंजिन मी १९९६ साली शर्यतीच्या गाडीला लावले आणि चॅसिस, म्हणजे सांगाडा, किलोच्या भावाने विकली. शर्यतीची गाडी टेम्पोतून जाते, तिला रस्त्यावरचे कागद कोणी विचारत नाही. म्हणून चांगल्या गाड्या आजही अशाच फोडल्या जातात.

तेव्हा विनंती अशी की, नोंद न सापडणाऱ्या दुचाकी-चारचाकींसाठी जिल्ह्यात वर्षातून दोनदा तपासणी ठेवावी. मोटार वाहन निरीक्षकांनी चॅसिस आणि इंजिन क्रमांकाची छाप घ्यावी, पोलिसांकडून चोरीच्या तक्रारींशी ती पडताळावी, वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन हरकतींसाठी जाहीर मुदत द्यावी, आणि हरकत न आल्यास मर्यादित वापराची नोंदणी द्यावी. त्यासाठी केंद्राची संमती लागत असेल तर राज्याने ती मागावी. ‘मूळ स्वरूप’ ठरवतानाही चॅसिस आणि इंजिन पाहावे; समुद्रकाठी मूळ मडगार्ड मागणे म्हणजे गेल्या वर्षीचा पाऊस मागणे होय.

टू-स्ट्रोकच्या धुराचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मर्यादित वापर म्हणतो. माझी कुठलीही गाडी वर्षाकाठी तीन-चारशे किलोमीटरपलीकडे जात नाही. आणि कासवांची घरटी असलेल्या वाळूत जीप फिरवणाऱ्या हौशी पर्यटकांच्या पंक्तीत आम्हाला बसवू नये, त्यांच्यावर आपण जरूर कारवाई करावी.

ती येझदी माझ्या पडवीत, ताडपत्रीखाली उभी आहे. आपल्या खात्याचा निरीक्षक कोणत्याही दिवशी आल्यास दोन्ही क्रमांक स्वच्छ वाचता येतील. मात्र पावसाळ्याआधी यावे, कारण चॅसिसवरच्या क्रमांकाला मी नुसते ग्रीस फासून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
जुन्या गाड्यांचा एक नादिष्ट,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग