भंगारातलं सोनं आणि अर्धवट हिशोब

मा. संपादक,

जुन्या मोबाईल-कॉम्प्युटरमधून सोनं काढायचा धंदा यावर हल्ली सगळीकडेच येतंय, व्हिडिओत पण आणि पेपरात पण, आणि प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य असतं की खाणीतल्या 1 टन खडकात 1 ते 5 ग्रॅम सोनं निघतं आणि 1 टन मोबाईलमध्ये दोनशे-तीनशे ग्रॅम. आकडा बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 1 टन मोबाईल म्हणजे बॅटऱ्या काढून दहा हजार नगांच्या आसपास होतात, ते कोण गोळा करून देणार हे कुणीच लिहीत नाही.

टोकियो ऑलिंपिकची मेडल्स जुन्या उपकरणांतून केली होती. तिथे 2017 ते 2019 सगळ्या देशातून सुमारे 79 हजार टन छोटी उपकरणं आणि 62 लाख मोबाईल गोळा झाले आणि सोनं किती, तर 32 किलो. म्हणजे खरी मेहनत गोळा करण्यात, फोडण्यात आणि वेगळं करण्यात आहे, अ‍ॅसिडने सोनं सोडवणं तर फार पुढची गोष्ट.

दुसरं म्हणजे पिवळं दिसलं की लोकांना सोनं वाटतं. रॅमच्या किंवा कार्डच्या पिनांवर चांगला मुलामा असला तरी तो पाऊण मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, म्हणजे 1 चौरस सेंटीमीटरला दीड मिलिग्रॅमसुद्धा नीट भरत नाही, आणि सर्किट बोर्डावर जो नुसता पातळ सोनेरी थर असतो तो 0.05 मायक्रॉन, त्यातून 1 ग्रॅम काढायला साधारण 1 चौरस मीटर सोनेरी पृष्ठभाग लागेल!! एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) लावून 'बघा किती टक्के' म्हणणाऱ्यांवर तर अजिबात जाऊ नका, ते मशीन वरचा थरच वाचतं. लॉटचा कस काढायचा तर सगळा माल बारीक करून, एकत्र करून, त्यातून सॅम्पल घ्यायला लागतं, आणि माझ्या मते हे ज्याला जमलं तोच या धंद्यात टिकतो, बाकीचे चढ्या भावाने माल घेतात आणि मग रडतात.

व्हिडिओत बोर्ड सरळ अ‍ॅसिडमध्ये टाकलेला दाखवतात ते तर फार चुकीचं. बोर्डात सोन्यापेक्षा तांबं कितीतरी पट जास्त असतं, सगळं अ‍ॅसिड तेच खाऊन टाकतं, वर सोल्डरमधलं कथील नायट्रिकमध्ये गेलं की चिकट पांढरा लगदा होतो, फिल्टर बंद, आणि थोडं सोनं त्या लगद्यातच अडकून बसतं. मोठे कारखाने बोर्ड भट्टीत वितळवतात, सोनं-चांदी-पॅलेडियम तांब्यात उतरतं, मग त्या तांब्याचं इलेक्ट्रोलिसिस केलं की खाली जो गाळ बसतो त्यातून हे धातू काढतात. वायू साफ करायची यंत्रणा त्यांच्याकडे असते, घराच्या गच्चीवर ती कुठून येणार.

म्हणून छोट्या माणसाने बोर्ड उघडून, प्रोसेसर, रॅम, पिना असं ग्रेड लावून मोठ्या रिफायनरीला विकावं. त्यातही कस लागून पैसे हातात यायला आठवडे, कधी महिने जातात, प्रक्रियेचा खर्च कापतात, तोवर सोन्याचा भाव कुठेही गेलेला असतो, तेव्हा भांडवल अडकवायची तयारी हवी. हे कुठल्याच लेखात नसतं.

तुम्ही पुन्हा या विषयावर छापाल तेव्हा एवढं तरी टाका, की नायट्रिकमधून निघणारा तपकिरी धूर छातीत गेला तर लगेच फार काही वाटत नाही, काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू शकतं आणि जीव जाऊ शकतो, आणि उरलेलं हिरवं-निळं अ‍ॅसिड गटारात ओतायचं नसतं, त्यातलं तांबं लोखंडाचा चुरा टाकून खाली बसवायचं, मग अल्कली टाकून बाकीचे धातू वेगळे करायचे आणि तो गाळसुद्धा घातक कचरा म्हणूनच द्यायचा, त्याचा खर्च नफ्याच्या हिशोबात आधीच धरून.

आपला,
भंगाराच्या धंद्यातला एक वाचक